जहाज सात वाजता लागेल, पण आपण विमानतळावर किती वाजता पोहोचू?

सौ. वानखेडे (अ-203): सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीच्या गोवा-लक्षद्वीप जहाज-सहलीच्या कंपनीकडून काल रात्री आलेला संदेश वाचल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. सोमवारी सकाळी सात वाजता जहाज मुंबई बंदरात लागेल, एवढेच आपल्याला पहिल्या बैठकीत सांगितले होते. कालच्या संदेशात मात्र ‘प्रवाशांना उतरवण्याचे काम अकरा वाजेपर्यंत पूर्ण होईल’ असे स्पष्ट लिहिले आहे. आमचे नागपूरला परतण्याचे विमान 11 वाजून 40 मिनिटांनी आहे. ह्यांच्या गुडघ्याची अवस्था सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे धावपळ जमणार नाही. बंदरावरून विमानतळावर कसे जायचे आणि त्याला किती वेळ लागतो, हे कोणीतरी एकदा नीट सांगावे, ही विनंती.

देशमुख, सचिव (ब-101): वहिनी, आपली काळजी समजू शकतो. समितीने सर्वांसाठी सायंकाळी साडेपाचचे विमान सुचवले होते, ते नेमके याच कारणासाठी. ज्यांनी स्वतंत्र तिकिटे काढली, त्यांना शक्य ती मदत आपण करूच, परंतु त्या तिकिटांची जबाबदारी समितीवर येत नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

कडू (क-302): सचिव साहेब, ‘सुचवले होते’ हा शब्द आपण योग्य वापरलात, कारण त्या सूचनेमागचे कारण कोणालाही सांगितले गेले नव्हते. जहाज सात वाजता लागणार असेल तर सव्वाबाराचे विमान कोणताही शहाणा माणूस घेईल, आणि मी तेच घेतले. केरळच्या सहलीत समितीच्या सूचनेवर विसंबून आम्ही रात्रभर कोठे बसलो होतो, ते येथे पुन्हा लिहीत नाही.

देशमुख, सचिव (ब-101): केरळचा हिशेब वार्षिक सभेत मंजूर झालेला आहे.

बोंडे (अ-404): कृपया सर्वांनी आपापल्या तिकिटावर विमानतळाचे नाव वाचावे. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमाने सुटू लागली आहेत. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर जुना विमानतळ, ‘एनएमआय’ असेल तर उलव्याचा नवा विमानतळ. दोहोंचे रस्ते पूर्णपणे वेगळे आहेत.

देशमुख, सचिव (ब-101): बोंडे साहेब, सर्वांची तिकिटे मुंबईचीच आहेत. विषयांतर नको.

रोहित गावंडे (ब-204): काकू, मेट्रो हा सर्वांत सोपा मार्ग आहे. ‘मेट्रो 3’ ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. बंदराच्या ग्रीन गेटपासून सीएसएमटीचे स्थानक फार दूर नाही आणि तेथून जुन्या विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना त्याच मार्गावर स्थानके आहेत. संपूर्ण मार्गाचे कमाल भाडे 70 रुपये आहे आणि साधारण पाऊण तासात माणूस विमानतळावर पोहोचतो. वाहतूक कोंडीचा प्रश्नच उरत नाही.

कडू (क-302): रोहित, तुझे वय पाठीवर पिशवी टाकून चालण्याचे आहे. आमच्याकडे माणशी एक मोठी बॅग आहे. ग्रीन गेटपासून स्थानकापर्यंत ती ओढत न्यायची, तेथे तपासणीच्या यंत्रात उचलून घालायची, सोमवारच्या सकाळी कचेऱ्यांना जाणाऱ्या माणसांमध्ये ती घेऊन उभे राहायचे आणि उतरल्यावर पुन्हा टर्मिनलपर्यंत चालायचे, हे साठीच्या माणसांना सांगण्यापूर्वी थोडा विचार करावा.

रोहित गावंडे (ब-204): काका, मी केवळ पर्याय सांगितला.

मेश्राम (क-105): गोव्याला उतरल्यावर महिला मंडळ किती किलो काजू घेणार, हे आधी ठरले तर मेट्रो की मालगाडी, हा निर्णय सोपा होईल. 🙂

सौ. वानखेडे (अ-203): मेश्राम भाऊ, मला या क्षणी काजू सुचत नाहीत.

बोंडे (अ-404): काजूंचा मुद्दा अगदीच अप्रस्तुत नाही. देशांतर्गत विमानात साधारणपणे 15 किलोची मोठी बॅग आणि 7 किलोची हातातली बॅग, एवढीच सूट असते. जहाजावर वजन कोणी विचारत नाही, विमानतळावर विचारतात. आणि कृपया सर्वांनी आपापल्या तिकिटावर विमानतळाचे नाव वाचावे.

पाठक (क-102): मी सकाळपासून वाचतो आहे. माझ्या नोकरीची बरीच वर्षे बंदरालगतच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कृपया पूर्ण वाचावे.

जहाज धक्क्याला लागणे आणि आपण सामानासह गेटबाहेर उभे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्यापैकी अनेकांनी तिकिटे काढताना त्या एकच धरल्या. जहाज लागल्यावर प्रथम सरकारी यंत्रणांची परवानगी मिळते आणि मग प्रवासी गटागटाने उतरतात. आदल्या रात्री खोलीबाहेर ठेवलेल्या बॅगांना वेगवेगळ्या रंगांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात, आणि ज्या रंगाची पुकार होते तेवढीच माणसे खाली येतात. आपल्या बॅगा खाली रांगेने मांडलेल्या असतात. शेकडो काळ्या बॅगांमधून स्वतःची काळी बॅग शोधणे हे जेवढे वाटते तेवढे सोपे नाही, म्हणून मुठीवर एखादी भडक फीत बांधून ठेवावी. नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन 20 सप्टेंबर 2025 रोजी झाले असून इमारत प्रशस्त आहे, तपासणीचे काउंटरही भरपूर आहेत. तरीही जहाजाची शिडी अरुंदच असते आणि हजार-दोन हजार माणसांना तिच्यावरूनच उतरायचे असते. आपले जहाज गोवा आणि लक्षद्वीप करून येत असल्यामुळे परदेशातून आल्यासारखे पारपत्राचे सोपस्कार नाहीत, एवढा वेळ मात्र वाचेल.

आता रस्ता. जुना विमानतळ बंदरापासून 22 ते 25 किलोमीटरवर आहे. पी. डिमेलो मार्गावरून पूर्व मुक्त मार्गाला लागले की चेंबूरपर्यंत गाडी कोठेही सिग्नलला थांबत नाही. सकाळची मोठी गर्दी दक्षिणेकडे येणारी असते आणि आपण उलट दिशेने जाणार, हे आपल्या पथ्यावर पडते. त्रास सुरुवातीला आणि शेवटी आहे. ऑरेंज गेटजवळ मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याचे काम चालू आहे, आणि चेंबूरला उतरल्यावर सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता कधी मोकळा असतो तर कधी तेथेच अर्धा तास जातो. दुसरा रस्ता मरीन ड्राइव्हवरून किनारी मार्ग आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूचा. त्याला मोटारीचा 100 रुपये पथकर पडतो आणि वांद्र्यापुढे पश्चिम द्रुतगती महामार्गाची गर्दी लागते. रस्त्यासाठी सव्वा तास धरावा, कमी लागला तर आनंदच आहे.

आता उलट मोजू. बहुतेक विमान कंपन्या देशांतर्गत उड्डाणाच्या 60 मिनिटे आधी सामान घेणे बंद करतात. घरून चेक-इन केले तरी मोठी बॅग असेल तर तो नियम चुकत नाही. म्हणजे 11.40 च्या विमानासाठी 10.40 ही अंतिम वेळ, दहाला टर्मिनलवर हवे आणि पावणेनऊला बंदराच्या गेटबाहेर मोटारीत बसलेले हवे. उतरवण्याचे काम अकरापर्यंत चालणार असेल तर हे गणित केवळ नशिबावर सोडण्यासारखे आहे. माझे स्पष्ट मत आहे की वानखेडे कुटुंबाने तिकीट बदलावे.

सौ. वानखेडे (अ-203): पाठक काका, एवढे सविस्तर कोणीच सांगितले नव्हते. मनापासून आभार.

कडू (क-302): माहितीपूर्ण लेखन आहे. हेच तिकिटे काढण्यापूर्वी गटावर आले असते तर अधिक उपयोग झाला असता.

देशमुख, सचिव (ब-101): कडू साहेब, बैठकीची सूचना गटावर दोनदा टाकली होती. आपण त्या बैठकीस उपस्थित नव्हता, ही नोंद इतिवृत्तात आहे.

कडू (क-302): त्या दिवशी मी पाण्याच्या टाकीच्या कामासाठी थांबलो होतो, आणि ते काम सोसायटीचेच होते, ही नोंदही इतिवृत्तात असावी.

बोंडे (अ-404): दोघांनीही कृपया आपापल्या तिकिटावर विमानतळाचे नाव वाचावे.

सौ. वानखेडे (अ-203): बोंडे साहेब, आपण एवढ्या वेळा लिहिले म्हणून आत्ता तिकीट उघडून पाहिले. त्यावर ‘एनएमआय’ असे लिहिले आहे. मुलीने स्वस्त मिळाले म्हणून काढले होते. म्हणजे आमचे विमान नव्या विमानतळावरून आहे का?

बोंडे (अ-404): होय वहिनी. नवी मुंबई.

मेश्राम (क-105): बोंडे साहेबांची क्षमा मागितली पाहिजे. मीही आत्ताच माझे तिकीट तपासले. आमचे जुन्या विमानतळाचे, टर्मिनल 1 आहे.

देशमुख, सचिव (ब-101): बोंडे साहेब, सकाळी मी आपल्या संदेशाला विषयांतर म्हटले, ते मागे घेतो. आपला मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरला.

पाठक (क-102): मग वानखेडे वहिनींसाठी रस्ता बदलतो. पूर्व मुक्त मार्गावरून शिवडीपर्यंत जायचे आणि तेथून अटल सेतूवर चढायचे. या 21.8 किलोमीटरच्या सेतूचे उद्घाटन 12 जानेवारी 2024 रोजी झाले. मोटारीला एका फेरीचा 250 रुपये पथकर आहे. पलीकडे उतरले की उलवे जवळच आहे. अंतर 35 ते 40 किलोमीटर म्हणजे जुन्या विमानतळापेक्षा जास्त असले तरी शहरातील गर्दी जवळजवळ टळते, त्यामुळे वेळेचा अंदाज अधिक भरवशाचा असतो. शिवडी सोडली की खाडीवर गाडी एकसारख्या वेगाने चालते. तरीही एक तास धरावा. 11.40 चे विमान या रस्त्यानेही धोक्याचेच आहे, माझे मत बदललेले नाही.

रोहित गावंडे (ब-204): मेट्रोचा माझा पर्याय काकूंसाठी अर्थातच बाद झाला, कारण मेट्रो 3 नवी मुंबईला जात नाही.

कडू (क-302): टॅक्सीचे काय? गेल्या वेळी माझ्या मेहुण्यांना बंदराबाहेर एका चालकाने विमानतळाचे सरळ पंधराशे रुपये सांगितले होते.

पाठक (क-102): काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे भाडे 1 फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये आहे. मीटरप्रमाणे जुन्या विमानतळाचे पाचशेच्या आसपास होतात. जहाज रिकामे होताना गेटवर सर्वांना एकाच वेळी गाडी हवी असते, म्हणून तोंडाला येईल तो आकडा सांगितला जातो. ठाम राहून मीटर टाकायला सांगावे किंवा आदल्या दिवशीच गाडी ठरवावी. आणखी एक गोष्ट नागपूरकरांच्या लक्षात येत नाही: तेथे रिक्षा मिळणार नाही, कारण वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षांना परवानगीच नाही. टॅक्सीच्या डिकीत गॅसची टाकी असते, त्यामुळे तेथे एकच मोठी बॅग नीट बसते, दुसरी टपावर जाते. चार माणसे आणि चार मोठ्या बॅगा एका टॅक्सीत मावतील असे कोणीही धरून चालू नये.

सौ. वानखेडे (अ-203): मुलीशी बोलले. ती आमचे तिकीट त्याच विमानतळावरून दुपारी 3.50 च्या विमानाचे करून देते आहे. भाड्यातील फरक भरावा लागेल, तो भरू.

देशमुख, सचिव (ब-101): उत्तम निर्णय. सायंकाळच्या विमानांच्या मंडळींसाठी समितीने बस ठरवलेली आहेच. सामान बसमध्ये ठेवून फोर्टमध्ये जेवण करू आणि दीड वाजता निघू. बस आधी टर्मिनल 1 ला आणि मग टर्मिनल 2 ला थांबेल. दोन्ही टर्मिनल एकमेकांपासून दूर आहेत, त्यामुळे प्रत्येकाने आपले टर्मिनल आज रात्रीपर्यंत मला वैयक्तिक संदेशाने कळवावे. वानखेडे कुटुंबासाठी स्वतंत्र मोटार मी स्वतः आज ठरवतो.

कडू (क-302): सव्वाबाराच्या विमानाचे आम्ही दोघेच आहोत. आम्ही तिकीट बदलणार नाही. पाठक साहेब, आमच्यासाठी काही मार्ग आहे का?

पाठक (क-102): आहे, परंतु तयारी लागेल. बऱ्याच जहाजांवर स्वतःचे सामान स्वतः घेऊन उतरणाऱ्यांना पहिल्या गटात सोडतात. जहाजावर चढल्याच्या पहिल्याच दिवशी स्वागत कक्षात त्यासाठी नाव द्यावे. बॅग रात्री खोलीबाहेर ठेवू नये, जहाजावरील खर्चाचा हिशेब आदल्या रात्रीच चुकता करावा आणि सकाळचा नाश्ता लवकर उरकावा. सामान मात्र दोघांना शिडीवरून उचलता येईल एवढेच असावे. मोठ्या बॅगा आमच्या बसमध्ये द्या, आम्ही त्या सायंकाळच्या विमानाने आणू. मग हातातल्या दोन बॅगा घेऊन तुम्हाला रोहितची मेट्रोही जमेल.

कडू (क-302): सचिव साहेबांची हरकत नसेल तर बॅगा बसमध्ये देतो.

देशमुख, सचिव (ब-101): हरकत कशाला असेल? मात्र त्या आमच्या तिकिटावर जाणार असल्याने आमच्या 15 किलोच्या मर्यादेत बसल्या पाहिजेत, आणि आत काय आहे हे आम्हाला दाखवूनच द्यावे लागेल. विमानतळावर ‘ही बॅग तुम्ही स्वतः भरली का’ असे विचारले तर मला खरे उत्तर देता आले पाहिजे.

कडू (क-302): ते योग्यच आहे. मग मोठी बॅग नेतच नाही. चार दिवसांना हातातली पुरेल.

बोंडे (अ-404): सर्वांसाठी आणखी एक सूचना. जे लोक बॅग रात्री खोलीबाहेर ठेवणार आहेत, त्यांनी औषधे, ओळखपत्र, चष्मा आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत काढून ठेवावेत. पॉवर बँक मोठ्या बॅगेत राहिली तर विमानतळावर बॅग उघडावी लागते, कारण ती विमानात फक्त हातातल्या सामानात नेता येते.

सौ. वानखेडे (अ-203): चाकांच्या खुर्चीसाठी विमान कंपनीकडे मुलीने नोंद केली आहे. म्हणजे तो प्रश्न मिटला, असे समजू ना?

पाठक (क-102): अर्धाच मिटला. विमान कंपनीची खुर्ची विमानतळाच्या दारापासून मिळते. जहाजापासून बंदराबाहेरच्या मोटारीपर्यंतची खुर्ची जहाजाच्या कंपनीने द्यायची असते आणि तिच्यासाठी वेगळी नोंद करावी लागते. ती आजच करावी. खुर्चीतून मोटारीत बसवायला आणि बॅगा डिकीत ठेवायला सोबत एक तरुण हात मात्र हवा.

रोहित गावंडे (ब-204): तेथे मी थांबतो, काकू. काकांना मोटारीत बसवून देईन आणि मगच बसकडे येईन. सचिव काका, तोपर्यंत बस सोडू नका.

देशमुख, सचिव (ब-101): सोडणार नाही. चालकाला तसे कळवून ठेवतो.