एअर हॉइस्ट लोड घेऊन वर जाईना, लिव्हर सोडला की घसरायलाय

वाळूजचा फिटर:
नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत पेंट शॉपला आहे, थिनरच्या वाफेमुळं आमच्याकडं साधा इलेक्ट्रिक हॉइस्ट चालत नाही म्हणून हवेच्या दाबावर चालणारा रोप हॉइस्ट (तारेच्या दोरानं वजन उचलायचं यंत्र) बसवलेला, १ टनाचा. रिकामा हूक बरा जातो पण ७००-८०० किलोचं फिक्श्चर (जॉब धरायचा सांगाडा) लावलं की रडत रडत वर जायलाय, अन् परवापासून लिव्हर सोडला की लोड चार-पाच इंच घसरून मग थांबायलाय. गेज हवेचा दाब ६ बार दाखवतंय. सुपरवायझर म्हणतेत दाब ठरवणारा रेग्युलेटर ८ वर घ्या, ब्रेकची स्प्रिंग टाइट करा, आजच चालू पाहिजे. मला ते पटंना, खाली दोन पोरं फिक्श्चर धरून उभी असतेत बगा. काय करू?

जालना, रोलिंग मिल:
भाऊ आधी ती पोरं बाजूला काढा, बाकीचं नंतर. लोड वर असंल तर हवा हाय तवर जमिनीवर टेकवून घ्या. खाली येतच नसंल तर चारी बाजूनं बॅरिकेड करा अन् दुसऱ्या बीमवर चेन पुली ब्लॉक लावून वजन त्याच्यावर घ्या, लोड लटकलेला असताना ब्रेकच्या बोल्टला पाना लावायचा नाही म्हंजी नाही. मग मेन कॉक बंद, कुलूप, टॅग, चावी तुमच्या खिशात. कॉक बंद केला तरी पाईपात हवा कोंडून राहती, पेंडंटचा (खाली लटकणाऱ्या हातातल्या कंट्रोलचा) लिव्हर दाबून ती सोडा (हूक थोडा हालंल), गेज शून्यावर आल्याशिवाय होस (हवेचा रबरी पाईप) काढू नका. आमच्या हेल्परनं एकदा तसाच काढला, होस फणा काढल्यासारखा उसळला, डोळा थोडक्यात वाचला लेकराचा.

जुना मेंटेनन्सवाला, संभाजीनगर:
जालन्याच्या दादांनी बरोबर सांगितलं. आता कारण बघा. थांबलेल्या लाईनवरचं ६ बार फसवतं, हवा वाहत नसली की बारक्या पाईपातबी गेज पूर्णच दाखवतो. हॉइस्टच्या तोंडाशी गेज लावा अन् रिकामा हूक वर चालवत काटा बघा, त्याला लोड लागत नाही, मोटर पळती तेव्हाच हवा जास्त खाती. काटा धाडकन पडला तर होस बारीक हाय, फिल्टर चोंदलाय नायतर कॉक अर्धा उघडा हाय. वापरलेली हवा बाहेर सोडणारा सायलेन्सरबी काढून बघा, जाम झाला की मोटरला श्वास सोडता येत नाही.

अन् तुमच्या दोन्ही तक्रारी एकच असू शकतेत. ह्या ब्रेकला स्प्रिंग दाबून धरती आणि हवा उघडती. हवा कमी मिळाली की ब्रेक अर्धवट उघडतो, मोटर त्याला घासत वर ओढती, लायनर (ब्रेकचा घासणारा पट्टा) तापून काचंवानी गुळगुळीत होतो, मग लोड घसरतो. लायनरला तेल लागलं तरी तसंच होतं, हवेत तेल सोडणारा ल्युब्रिकेटर जास्त सोडलाय का ते बघा. त्यावर स्प्रिंग टाइट केली तर ब्रेक अजून कमी उघडंल, लायनर अजून जळंल. ८ बार तर करूच नका, प्लेटवर लिहिलेल्या दाबाच्या वर गेलं की हॉइस्ट झेपणार नाही ते वजनबी उचलाया लागतो. पावसाळ्यात रिसीव्हरचं (हवेच्या टाकीचं) पाणी रोज सोडा, पाणी आत गेलं की मोटरच्या व्हेन (आतल्या पात्या) चिकटतेत.

वाळूजचा फिटर:
काका, अगदी तेच निघालं. चालवताना काटा ६ वरून ३.५ वर. मागच्या महिन्यात पाऊण इंचीचा होस फाटला होता, स्टोअरनं अर्धा इंची दिला अन् मीच तो बसवला. एजन्सीच्या माणसानं कव्हर खोललं, लायनर चकाचक घासलेला, नवीन मागवलाय. हुकाजवळ रोपच्या तारांचे काटेबी निघालेत, म्हणून रोपबी बदलायला टाकला. तोवर हॉइस्ट बंद, लाल टॅग लावलाय. सुपरवायझरला फोटो दाखवले, मानले ते.

जालना, रोलिंग मिल:
लई चांगलं केलं. नवीन रोप टाकल्यावर हूक पार खाली गेला तरी ड्रमवर कंपनीनं सांगितलेले वेढे शिल्लक राहतेत का बघा. मग आधी रिकामा चालवा, मग हलकं वजन वीतभर उचलून थांबवा, तिथंच राहिलं तर पूर्ण लोड, खाली कोणी नको. १९४८ च्या कारखाना अधिनियमात (तो २०२५ पर्यंत लागू होता) कलम २९ ला असल्या हॉइस्टची १२ महिन्यातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी लिहिलेली होती, तुमचा शेवटचा कागद कधीचा हाय?

वाळूजचा फिटर:
ऑफिसात मागितलाय, अजून सापडंना. सापडेपर्यंत टॅग काढत नाही.