मदत हवी आहे: वडिलांच्या डोळ्यात मांस वाढलंय, ऑपरेशन आत्ता करावं की माल निघाल्यावर?

नमस्कार मंडळी,

आमचे दादा (वडील), वय ५४. निफाड तालुक्यात द्राक्षबाग, सगळं आयुष्य उन्हाधुळीत गेलंय. उजव्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून गुलाबी मांस वाढत बुबुळावर आलंय. जवळून पाहिलं की बारीक लाल शिरा दिसतात, टोक थेट बाहुलीकडे. डाव्या डोळ्यात पांढऱ्या भागावर नुसता पिवळसर उंचवटा आहे. डॉक्टर म्हणाले, डावीकडचं पिंग्वेक्युला, खुपलं तर साधे ओलाव्याचे ड्रॉप पुरेत. उजवीकडचं टेरिजियम. त्याच्या ओढीने बुबुळाचा आकार बदलतो, म्हणूनच चष्म्याचा सिलिंड्रिकल नंबर वाढलाय.

मध्यंतरी दादा मेडिकलमधून लाली घालवायचे ड्रॉप स्वतःच आणून महिनोन्महिने टाकत होते. बाटली वाचली तर स्टेरॉइड! पोटात गोळाच आला. त्याने डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, म्हणून लगेच बंद करून ते तपासून घेतलं. नॉर्मल निघालं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

आता एक डॉक्टर म्हणतात, नुसतं काढून टाकू. दुसरे म्हणतात, काढलेल्या जागी त्याच डोळ्याच्या वरच्या भागातलं पातळ आवरण लावू, म्हणजे ग्राफ्ट. खर्च बराच जास्त आहे. खरंच एवढा फरक पडतो का? आणि ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय. दादा म्हणतात, माल निघाल्यावर मार्चमध्ये बघू. तोवर थांबावं का? कृपया अनुभव सांगा.

प्रतिसाद:
ताई, ग्राफ्टच करा. माझ्या आईचं पहिल्यांदा नुसतं काढलं होतं. आठ महिन्यांत परत आलं, तेही आधीपेक्षा जाड. दुसऱ्या वेळी ग्राफ्ट लावला, चार वर्षं झाली, डोळा स्वच्छ आहे. थांबायचं की नाही, ते टोक बाहुलीपासून किती मिलिमीटरवर आहे त्यावर ठरेल. डॉक्टरांकडून मोजून लिहून घ्या. बाहुलीसमोर पोचलं तर काढल्यावरही तिथे डाग राहू शकतो. अंतर असेल आणि डॉक्टर हो म्हणाले, तर मार्च बरा. ऑपरेशननंतर काही आठवडे धूळ, फवारणी काहीच चालत नाही आणि छाटणीत दादा घरात बसणार नाहीत. तोवर गॉगल आणि रुंद काठाची टोपी. काढलेला तुकडा तपासायला पाठवा असं नक्की सांगा.

धागाकर्ती:
खूप आभार. सोमवारी दादांना घेऊन जाते, अंतर मोजून इथेच लिहिते.