अध्यक्ष आयटीवालाच कशाला हवा?

दादा, छोट्या उद्योगांना सायबर सुरक्षा शिकवणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष आयटी कंपनीतला निवृत्त मोठा साहेबच हवा, हे तुमचं म्हणणं मला नाही पटत. पुण्यात २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेचे सायबर हल्ल्यात ९४ कोटी गेले तेव्हा सगळे हादरले, पण भोसरी-चाकणचा वर्कशॉपवाला अजून म्हणतो, आपल्याकडे काय आहे चोरायला! माझ्या काकांकडे सप्लायरच्या नावाने मेल आला, बँक अकाउंट बदललंय म्हणून, अकाउंटंटने फोन करून विचारलंच नाही आणि पेमेंट टाकून मोकळा, आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन केला तर पैसे पुढे जायच्या आत गोठवता येतात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, दोन दिवस नुसते बँकेत खेटे.

अशी झळ बसलेला एकतरी कारखानदार कार्यकारिणीत पाहिजेच. सर्ट-इनचा, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, सायबर हल्ला झाल्याचं सहा तासांत कळवायचा नियम २०२२ पासून आहे, तो या लोकांना मराठीत, त्यांच्या शेडवर जाऊन कोण सांगणार? हॉटेलातल्या सेमिनारला ते येत नाहीत हो, शिफ्ट सोडून कसे येतील? आणि एक, अँटिव्हायरस विकणाऱ्याला खजिनदार करू नका प्लीज, सल्ल्यावरचा विश्वासच उडतो.