मदत हवी आहे : एटीमेगा ३२, पोर्ट सी वरचे मधले चार एलईडी लागत नाहीत

नमस्कार मंडळी,

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. विहिरीवरून टाकी भरायची आणि टाकीवरून ठिबक सोडायचं. शेतीपंपाची लाईट सध्या रात्रीची आहे, त्यामुळे वडील बॅटरी घेऊन शिडीने टाकीवर चढतात आणि पाणी कुठवर आलंय ते बघतात. मागच्या महिन्यात दवाने ओल्या झालेल्या शिडीवरून त्यांचा पाय घसरला. थोडक्यात निभावलं, पण घरात बसून पातळी दिसेल असा बोर्ड करायचाच, हे तेव्हाच ठरवलं.

बोर्ड घरीच केलाय. ग्लॉसी कागदावर प्रिंट, इस्त्रीने तांब्यावर उतरवली आणि फेरिक क्लोराइडमध्ये एचिंग. चाळीस पिनांची एटीमेगा ३२ (प्रोग्रॅम भरून चालवायची मायक्रोकंट्रोलर चिप) बेसमध्ये बसवली आहे. ५ व्होल्ट ७८०५ या रेग्युलेटरवरून. टाकीतल्या पातळी ओळखणाऱ्या तारा पोर्ट ए ला (पोर्ट म्हणजे आठ पिनांचा गट) येतात आणि पोर्ट सी वर आठ लाल एलईडी आहेत. पिन, ३३० ओहम, एलईडी, ग्राउंड अशी जोडणी. चिपमध्ये प्रोग्रॅम भरायला यूएसबीएएसपी हा प्रोग्रॅमर.

अडचण अशी की पोर्ट सी च्या पिनांपैकी पीसी ०, १, ६ आणि ७ वरचे एलईडी झकास लागतात. २ ते ५ लागतच नाहीत. म्हणजे पाणी पाव टाकीच्या वर गेलं की पाऊण होईपर्यंत पॅनेलवर काहीच हलत नाही, आणि नेमकं तेवढंच बघायचं असतं.

प्रोग्रॅम अगदी लहान करून पाहिला. डीडीआरसी मध्ये एफएफ (आठही पिना आउटपुट), पोर्टसी मध्ये एफएफ (आठही चालू), बाकी काही नाही. तरी तेच. एलईडी अदलाबदल केले, ट्रॅक मीटरने बीप करून तपासले, २६ नंबरच्या पिनेचा (पीसी ४) ट्रॅक कापून वरून वायर टाकली. शेवटी चिप जळली असेल म्हणून सांगलीहून नवी आणली. नव्या चिपमध्येही तेच चार! जम्पर वायरने तेच एलईडी पोर्ट ए वर नेले तर आठही लागतात. पोर्ट ए मला तारांसाठी हवाच आहे, त्यामुळे तिकडे हलवता येत नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
३० नंबरची एव्हीसीसी पिन (पोर्ट ए चा वीजपुरवठा) ५ व्होल्टला जोडली आहे का? बरेच जण विसरतात.

धागाकर्ता
हो, जोडली आहे. शिवाय पोर्ट ए व्यवस्थित चालतोय.

प्रतिसाद २
एव्हीसीसीचा इथे संबंध नाही. आठही एलईडी चालू करणारा प्रोग्रॅम ठेवा आणि २२ ते २९ (पीसी ० ते ७) या पिनांचं व्होल्टेज ग्राउंडच्या तुलनेत मोजून इथे टाका.

धागाकर्ता
मोजलं. २२, २३, २८, २९ वर ४.८ च्या आसपास. २४, २५ आणि २७ वर साधारण १.७. २६ वर जवळपास शून्य.
आणखी एक. खोलीतला दिवा बंद केला तेव्हा दिसलं, की २४, २५ आणि २७ चे एलईडी अगदी मंद, निखाऱ्यासारखे पेटलेले आहेत. २६ चा मात्र पूर्ण काळा.

प्रतिसाद २
उत्तर तुमच्या या निरीक्षणातच आहे. तुमचा बोर्डही बरोबर आहे आणि दोन्ही चिपाही.

एटीमेगा ३२ कारखान्यातून येते तीच जेटॅग (चिप तपासायची, डीबग करायची सोय) चालू ठेवून. पीसी २ ते ५ या चार पिना त्याच्याच आहेत : टीसीके, टीएमएस, टीडीओ, टीडीआय. तो चालू असेपर्यंत तुम्ही डीडीआरसी मध्ये काहीही लिहा, या पिना ऐकत नाहीत. टीसीके, टीएमएस आणि टीडीआयला आतून पुल-अप (पिन ५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) मिळतो. तो २० ते ५० किलोओहमचा, त्यामुळे जेमतेम दहाव्या हिश्शाचा मिलीअँपिअर जातो आणि एलईडी अंधारातच दिसतो. टीडीओला पुल-अप नाही, म्हणून तो काळा.

एव्हीआरड्यूडने (प्रोग्रॅमर चालवायचं सॉफ्टवेअर) आधी हाय फ्यूज वाचा. फ्यूज म्हणजे इथे वितळणारी तार नव्हे, चिपमध्ये साठवलेली सेटिंग. नव्या चिपेत तो ९९ (हेक्स) असतो. त्याचा डी९ करा, म्हणजे फक्त जेटॅगचा बिट बदलेल. एव्हीआरमध्ये (या चिपांच्या कुटुंबात) फ्यूजचा बिट ० म्हणजे चालू, १ म्हणजे बंद. इथे घाईत उलटं होतं. एसपीआयईएनचा बिट (यूएसबीएएसपी ज्यावरून चिपशी बोलतो ती सोय) जसा आहे तसाच राहू द्या, आणि लो फ्यूजला हातच लावू नका. तिथे क्लॉक चुकीचं निवडलं गेलं तर प्रोग्रॅमरला चिप सापडणारच नाही.

फ्यूज बदलायचा नसेल तर प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एमसीयूसीएसआर या रजिस्टरमधला जेटीडी (जेटॅग बंद करणारा) बिट लागोपाठ दोनदा १ करा. दुसरं लिहिणं पहिल्यानंतर चार क्लॉकच्या आत झालं पाहिजे, म्हणून कंपायलरचं ऑप्टिमायझेशन चालू हवं. पण रिसेट झाला की हे पुन्हा करावं लागतं. तुमचा बोर्ड कायमचा बसवायचा आहे, फ्यूजच बदला.

धागाकर्ता
दादा, हाय फ्यूज ९९ च निघाला. डी९ केला आणि आठच्या आठ लागले! आठ दिवस मी ट्रॅकमध्येच दोष शोधत होतो. मनापासून आभार. जळली म्हणून बाजूला ठेवलेली पहिली चिपही फ्यूज बदलून लावून बघितली, तीही ठणठणीत आहे. ती आता जादा म्हणून डबीत ठेवतो, आणि पुढच्या वेळी विसरू नये म्हणून बोर्डाच्या पाठीमागे 'हाय फ्यूज डी९' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. रात्री लाईट आली की पहिल्यांदा घरातून टाकी भरताना बघू. वडिलांना खुर्ची पॅनेलसमोर मांडून दिली आहे.