किल्लारीची भेग: भ्रंश की काळ्या मातीची तडकण?

तेरणाकाठ: ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात किल्लारीच्या पश्चिमेला रानात जमीन फाटून वर आली होती. पण काळं रान दर उन्हाळ्यात तडकतंच. मग हाच भूकंपाचा भ्रंश, म्हणजे खडक जिथं फुटून सरकतो ती तड, हे ठरवतात कसं? चर खणला की कळतं का?

खडकफोड्या: भेग सोडा, दोन्ही कडांची पातळी बघा. उन्हाच्या भेगा जाळीसारख्या पसरतात आणि कडा सारख्याच उंचीवर राहतात. किल्लारीचा भ्रंश वायव्य-आग्नेय, नैऋत्येला कललेला. नैऋत्येची बाजू दुसरीवर चढली. रानात दिसला तो तुटक उंचवटा, मीटरभराच्या आतला. आधी लेव्हलनं (उंची मोजायच्या यंत्रानं) त्याला आडवे तीन-चार छेद घ्या. चरही काटकोनातच हवा, मुरूम ओलांडून खडकापर्यंत. दीड मीटरखाली जाताना पायऱ्या काढा, ओली काळी माती सांगून ढासळत नाही. भिंत खुरप्यानं साफ करून मीटर-मीटरवर दोऱ्या ताणा आणि मगच रेखाटा.

गाळसाळ: एक फसगत सांगतो. काळ्या मातीत चकचकीत घासखुणा सापडतात, पण त्या माती फुगून-आकसूनही होतात. त्यांना पुरावा धरू नका. खडकातल्या घासखुणा आणि भरडलेला चुरा शोधा. भ्रंश कधी सरकला त्याचं वय काढतानाही हीच माती नडते: वरचा कोळसा भेगांतून खाली पडतो, म्हणून कार्बनचं वय खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतं. प्रकाशावरून, म्हणजे कणांना शेवटचा उजेड कधी लागला त्यावरून वय काढायचं तर क्वार्ट्झचे कण लागतात आणि ट्रॅपच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, मातीत ते नगण्य. नदीचा गाळ मिळाला तर बघा. नमुना बंद नळीत, उजेड न लागता.

तेरणाकाठ: आणि भ्रंश जुना आहे हे कशावरून?

खडकफोड्या: त्याला बोअरच हवेत, भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना. दोन लाव्हाथरांमधला लाल बोल, म्हणजे लाल मातकट पट्टा, हा खुणेचा थर. तो दोन्हीकडे किती खाली लागतो ते मोजा. फरक १९९३च्या उचलीपेक्षा जास्त भरला तर भ्रंश आधीही सरकलाय. मात्र बोल मध्येच संपतो आणि लाव्हाचा माथाही सपाट नसतो, त्यामुळे दोन बोअरवर निकाल देऊ नये. तिथल्या एका खोल बोअरमध्ये ३३८ मीटर बेसॉल्ट, मग ८ मीटर गाळखडक आणि त्याखाली नाईस हा जुना पायाचा खडक लागला. एवढ्या जाड झाकणाखालचा भ्रंश वरून दिसणार कसा? तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता.

तेरणाकाठ: आता रानात काही दिसेल?

गाळसाळ: फारसं नाही. दोन-चार नांगरटींत असा उंचवटा बसतो. म्हणून मोजणी पहिल्या पेरणीआधी उरकायची असते.