मदत हवी आहे: तोंड उघडताना हनुवटी एकीकडे वळली, तर दोष कोणत्या बाजूचा?

रेमस२२
बीडीएस, पहिलं वर्ष. चावण्याचे चार स्नायू कुठून निघतात आणि कुठे चिकटतात हे पाठ आहे. घोटाळा होतो तो बाजूंचा. उजवा लॅटरल टेरिगॉइड (जबडा पुढे ओढणारा स्नायू) लुळा पडला तर हनुवटी उजवीकडे वळते. जबड्याचा उजवा सांधा निखळला तर डावीकडे. उजव्या कंडाइलची (जबड्याचं सांध्यात बसणारं गोल टोक) मान मोडली तर पुन्हा उजवीकडे. दोष तिन्ही वेळा उजवाच, मग दिशा का बदलते? घोकंपट्टी न करता ती काढता येते का? आणि तपासताना मोजायचं कसं?

कवटी_आणि_कूर्चा
एकच गोष्ट विचारायची: कोणता कंडाइल मागे राहिला? हनुवटी त्या बाजूला वळते.

खालचा जबडा म्हणजे घोड्याच्या नालेसारखं एकसंध हाड, दोन्ही टोकांना एकेक सांधा. तोंड उघडताना पहिल्या साधारण २० ते २५ मिमीपर्यंत कंडाइल सांध्यातल्या चकतीखाली बिजागरीसारखा नुसता फिरतो. हे सांध्याच्या खालच्या कप्प्यात होतं. त्यापुढे उघडायचं तर कंडाइलला चकतीसकट खळग्यातून निघून पुढच्या उंचवट्यावर सरकावं लागतं. ते वरच्या कप्प्यात होतं. त्याला पुढे ओढतो लॅटरल टेरिगॉइडचा खालचा भाग. कवटीच्या तळाशी असलेल्या टेरिगॉइड पत्र्याच्या बाहेरच्या बाजूपासून निघून तो मागे आणि बाहेर जातो, कंडाइलच्या मानेवरच्या खळगीत चिकटतो. हनुवटीखालचे डायगॅस्ट्रिक, मायलोहायॉइड आणि जीनिओहायॉइड त्याच वेळी हनुवटी खाली-मागे खेचतात.

बैलजोडीतला डावा बैल ओढतोय आणि उजवा थांबलाय, तर गाडी उजवीकडेच वळणार. तुमचे तिन्ही प्रश्न यातच सुटतात. स्नायू लुळा: उजवा कंडाइल पुढे येत नाही, हनुवटी उजवीकडे. सांधा निखळला: उजवा कंडाइल उंचवटा ओलांडून पुढे अडकलाय, मागे आहे तो डावा, म्हणून डावीकडे. मान मोडली: स्नायू ओढतो, पण हातात येतो तुटलेला तुकडा, बाकीचा जबडा हलत नाही, म्हणून उजवीकडे. मान मोडल्यावर रेमसची, म्हणजे जबड्याच्या उभ्या भागाची, उंचीही कमी होते, त्यामुळे उजव्या दाढा आधी टेकतात आणि डाव्या बाजूचे दात उघडे राहतात. ही खूण विसरू नका.

मापपट्टी
मोजण्याबद्दल. दात मिटलेले असताना वरच्या दोन मधल्या दातांमधली रेघ खाली जिथे येते, तिथे खालच्या दातावर पेन्सिलीनं उभी खूण करा. खालच्या दातांची स्वतःची मधली रेघ धरू नका. अनेकांची ती मुळातच सरकलेली असते आणि नसलेला दोष दिसू लागतो. मग पूर्ण तोंड उघडायला सांगून वरच्या आणि खालच्या दातांच्या कडांमधलं अंतर पट्टीनं घ्या. मोठ्या माणसात ४० ते ५० मिमी येतं, म्हणजे ढोबळमानानं त्याचीच तीन बोटं. वरचे दात खालच्यांना जितके झाकतात ते मिमी त्यात मिळवले की जबड्याची खरी हालचाल कळते. डावी-उजवीकडे प्रत्येकी ८ ते १० मिमी यायला हवेत.

शेवटचा आकडा लिहून थांबू नका, खुणेचा सगळा प्रवास बघा. ती बाजूला जाऊन कट्‌ आवाजानंतर मध्यावर परत आली, तर चकती पुढे घसरली होती आणि कंडाइलनं तिला पुन्हा गाठलं. परत न येता बाजूलाच राहिली, उघडणं ३० मिमीच्या आसपास अडलं आणि आवाज नसेल, तर चकती समोर अडसर होऊन बसली आहे. त्याच वेळी कानाच्या भोकापुढे साधारण एक सेंटीमीटरवर दोन्हीकडे बोटं ठेवा. कोणता कंडाइल पुढे येत नाही ते बोटांनाच समजतं.

रेमस२२
मग उजवीकडे वळणं स्नायूचं की चकतीचं, हे कसं ओळखायचं? आणि लॅटरल टेरिगॉइडचा वरचा भाग चकतीला पुढे खेचतो ना?

कवटी_आणि_कूर्चा
दुसरं आधी. वरच्या भागाचे काही तंतू चकतीकडे जातात, पण बहुतेक तंतू मानेच्या खळगीतच चिकटतात. शिवाय तो भाग मुख्यतः तोंड मिटताना आणि चावताना काम करतो, उघडताना नाही. दोन्ही भागांना एकच काम लावू नका.

पहिल्यासाठी हनुवटीच्या डाव्या बाजूला तळहात टेकवून जबडा डावीकडे ढकलायला सांगा. इथे कस लागतो उजव्या लॅटरल टेरिगॉइडचा. चकतीच्या दोषात हालचाल कमी असली तरी जोर बहुधा लागतो. नस गेली असेल तर जोरच नसतो. मग दात आवळायला लावून गालावरचा मॅसेटर आणि कानशिलावरचा टेम्पोरॅलिस चाचपा. त्याच बाजूचे हे दोन्ही मऊ लागले आणि हनुवटीची त्वचा बधिर असेल, तर चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेच्या तिसऱ्या शाखेकडे वळा. जबड्याच्या कोनावरची त्वचा मात्र मानेच्या नसांकडे असते. तिथली संवेदना शाबूत आहे म्हणून ट्रायजेमिनलही ठीक आहे, असं धरू नका.

मापपट्टी
निखळलेल्या सांध्याचं थोडं राहिलं. कंडाइल उंचवट्यापुढे असतो आणि जबडा मिटणारे मॅसेटर, टेम्पोरॅलिस, मीडियल टेरिगॉइड हे स्नायू त्याला वर आवळून धरतात. म्हणून आधी दाढांकडून खाली दाबायचं, उंचवटा सुटला की मग मागे ढकलायचं. थेट मागे ढकललं तर हाडाला हाड अडतं. बसवणाऱ्यानं अंगठ्यांना जाड गॉझ गुंडाळावं किंवा अंगठे दाढांच्या बाहेरच्या हाडाच्या कडेवर ठेवावेत, कारण सांधा बसताक्षणी दात जोरात मिटतात. पडून किंवा मार लागून झालं असेल तर मोड नाही याची क्ष-किरणानं खात्री होईपर्यंत हात लावू नये.