पांदण, समृद्धी आणि मनाली: टायर कोणते टाकायचे?

ताई: मामाजी, गाडीच्या समोरच्या दोन टायरची खाच झिजून 2 मिमीवर आली, मागच्यांची 5 वर आहे. साइज 185/65 आर15. नवीन दोन समोरच टाकायचे ना? समृद्धी महामार्गानं नागपूरचं जाणं-येणं असतं, बाकी गावातच.

वर्ध्याचे मामाजी: नाही बाई. नवे मागे टाक आणि मागचे 5 मिमीवाले समोर घे. इंजिनचा जोर समोरच्या चाकांवर म्हणून सगळे नवे समोरच टाकतात, पण ओल्या वळणावर धोका मागच्या चाकांचा असतो. समोरची घसरली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. पाय उचलला की वेग उतरतो अन् पकड परत येते. मागची घसरली तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं रोजच्या ड्रायव्हरचं काम नाही.

दादा: कायद्यात 1.6 मिमी आहे ना? मग 2 वर बदलायची घाई कायले?

वर्ध्याचे मामाजी: 1.6 ही चलान होऊ नये म्हणूनची हद्द आहे दादासाहेब. नव्या टायरची खाच 7-8 मिमीची असते. तिचं काम एकच, चाकाखालचं पाणी बाहेर फेकणं. कोरड्यात 2 मिमी चालून जाते, पावसात 3 च्या खाली गेलं की ब्रेकचं अंतर वाढलेलं जाणवते. मी गिऱ्हाइकाला 3 वरच सांगतो. साइडवॉलवर टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी रबराची पट्टी दिसते. नक्षी त्या पट्टीला टेकली म्हणजे टायर संपला. मोजायचं तर आतली बाजू, मधला भाग, बाहेरची बाजू, तिन्हीकडे मोजा. अलाइनमेंट गेलेल्या गाडीत बाहेरून 4 दिसते अन् आतून टक्कल असते.

भाचा: मामा, पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते म्हणतात, खरं का?

वर्ध्याचे मामाजी: डांबरावर आणि सिमेंटवर साफ उलटं. पाण्याचा थर खाचेपेक्षा जाड असला की एका वेगानंतर चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगते. तो वेग मुख्यतः हवेवर ठरतो. 33 पीएसआयला साधारण 95 किमी, 24 ला उतरून 82 च्या आसपास. आता समृद्धीवर कारला 120 ची परवानगी. म्हणजे झडीत पाणी साचलेल्या पट्ट्यावर 120 नं गेलेली गाडी स्टिअरिंगचं ऐकतच नाही. टायर कितीही महागाचा घ्या, वेग 80 च्या आतच. आणि स्टिअरिंग अचानक हलकं वाटलं तर ब्रेक मारू नका, वळवू नका, अ‍ॅक्सिलरेटर सोडा.

दादा: रुंद टायर टाकले तर?

वर्ध्याचे मामाजी: रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगते. कंपनीनं दिलेलीच साइज ठेवा.

नाना: डांबराचं झालं. आता वावराचं आयका. काळ्या मातीत पाणी फेकायचा प्रश्नच नाई, गारा, म्हणजे चिखल, चाकाले चिकटते. टायरच्या दोन लगच्या, म्हणजे उंच रबरी पट्ट्यांच्या, मधात गच्च भरला की चाक गोल मडक्यासारखं होते अन् जागेवरच फिरते. म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या टायरले लगमधली जागा मोकळी पाहिजे, गारा आपोआप झडला पाहिजे. आर-1, म्हणजे साध्या शेतीच्या टायरची नक्षी, आपल्या कापूस-सोयाबीनले बरोबर. भंडारा-गोंदियाकडं धानाच्या बांधीत आर-2 लागते, त्याचे लग जवळपास दुप्पट उंच. पण तेच डांबरावर पळवले तर लवकर झिजते अन् ट्रॅक्टर हादरते. चिखलणीले बरेच लोक साधा टायर ठेवून बाजूनं लोखंडी केजव्हील लावतात, थे बरं.

आत्या: नाना, आमच्या ट्रॅक्टरचं एक चाक उलटं बसवलं असं गडी म्हणत होता. ते कसं ओळखायचं?

नाना: मांगून पाय आत्याबाई. लगचं टोक वर पाहिजे, घराच्या छपरासारखं. समोरून पायलं तर व्ही दिसला पाहिजे. बरोबर बसलं असन तर मधलं टोक आधी जमिनीत घुसते अन् गारा दोन्ही बाजूनं बाहेर ढकलते. उलटं बसलं की गारा मधात गोळा होते. टायरवर बाण असते, पण चिखलात तो दिसत नाई, म्हणून छपराची खूण ध्यानात ठेवा.

भाचा: आणि ट्यूबमध्ये पाणी भरतात ते?

नाना: वजनासाठी. वॉल्व वरच्या बाजूले ठेवून भरलं की पाऊण चाक भरते. उन्हाळ्यात नांगरणीले लय कामाचं. पण पावसाळ्यात पाणी काढून टाका, ओल्या काळ्या जमिनीत जड ट्रॅक्टर खचते अन् खालचा थर दाबून टाकते, मंग कपाशीच्या मुळ्या खाली जात नाईत. चाक किती घसरते हे मोजता येते. मागच्या चाकावर चुन्यानं खूण करा. अवजार उचलून 10 फेऱ्यांत किती मीटर गेला ते मोजा, मंग अवजार लावून तेवढ्याच फेऱ्या. 13.6-28 साइजचा टायर मोकळा 41 मीटरच्या आसपास जाते. अवजारासकट 35 च्या खाली आला म्हणजे 15 टक्क्यांच्या वर घसरण, डिझेल मातीत चाललं. तवा खोली कमी करा नाईतर जमीन वाफशावर येऊ द्या. आणि डिफरन्शिअल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं सारखीच फिरवणारा खटका, फक्त सरळ रेषेत, वळायच्या आधी सोडा.

काका: मोटरसायकलचं कोणी बोललंच नाही. पांदण रस्त्यावर मुलं बटन टायर, म्हणजे उंच गाठींच्या नक्षीचे, टाकून घेतात, तरी गाडी अडकतेच.

वर्ध्याचे मामाजी: कारण अडचण टायरात नाही काकाजी, मडगार्डात आहे. समोरचा टायर अन् मडगार्ड यांच्यात बोटभर जागा. काळी माती तिथं दाटते आणि चाकच जाम होते. जाड टायर टाकला की ती जागा आणखी कमी. पांदणीवरच राहायचं असेल तर उंच मडगार्ड लावा, नाहीतर माती काढायला काडी सोबत ठेवा, दुसरा इलाज नाही. बटन टायरचं आणखी एक: ओल्या डांबरावर रबर कमी टेकते, ब्रेक लांब लागतो. रोज तहसीलला जाणाऱ्यानं साधी रस्त्याची नक्षी घ्यावी. कमीत कमी खोली दुचाकीला 0.8 मिमी असली तरी 2 वर बदला.

नाना: अन् ट्रॅक्टरनं डांबरावर सांडवलेला गारा! वावरातून निंगताना चाकं खरडून काढा रे बाप्पा. रात्री त्याच्यावर मोटरसायकल साबणावानी घसरते.

लहाना: मी डिसेंबरात मनालीला गाडी घेऊन चाललो, अटल बोगद्याच्या पलीकडे सिस्सू गावापर्यंत. ताईसारखेच नवे टायर टाकले तर बर्फात चालतील का?

वर्ध्याचे मामाजी: नव्या खाचा असल्या तरी नाही. आपल्याकडं मिळतात ते उन्हाळी रबराचे, 7 अंशांच्या खाली ते कडक होते अन् पकड सोडते. खऱ्या बर्फाच्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर अन् त्यात हिमकण अशी खूण असते. नुसतं एम+एस (चिखल अन् बर्फ) लिहिलेलं पुरत नाही, ती चाचणीची खूण नाही. एका फेरीसाठी ते टायर घेऊन येणं परवडत नाही, आणि इकडच्या उन्हात ते लवकर झिजतील. तू टायरवर चढवायची बर्फाची चेन घे, टायरच्या साइजचीच, आणि तुझी गाडी समोरच्या चाकांवर चालते म्हणून समोरच लावायची.

लहाना: मागे नाही?

वर्ध्याचे मामाजी: ज्या चाकांना इंजिनचा जोर, त्यांनाच. अंगणात दिवसा दोनदा लावून-काढून पाहा, तिथं बोटं बधिर होतात. लावल्यावर 50-100 मीटर जाऊन परत ताण, सैल चेन फेंडर फाडते. वेग 30 च्या आसपास. उघडा रस्ता लागला की काढ. उताराला पहिला-दुसरा गिअर, ब्रेकवर कमी भर. आणि हवा तिथं गेल्यावर सकाळी, गाडी न चालवता तपास. थंडीनं हवेचा दाब बदलतो, इथल्या आकड्यावर विसंबू नको.

ताई: मामाजी, मग दुकानात काय काय पाहू?

वर्ध्याचे मामाजी: साइडवॉलवर 88एच असावं, म्हणजे एका चाकावर 560 किलो अन् ताशी 210. त्याहून कमी नको. डीओटी या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे बघ, 3524 म्हणजे 2024 चा 35 वा आठवडा. दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेर आणि बाण असेल तर पुढच्या दिशेनं, हे गाडी जॅकवरून उतरायच्या आधी पाहून घे. नंतर सांगितलं की दुकानातली मुलं तोंड वाकडं करतात.